भावाचं पान जुनंच दिसतं, नाहीतर उघडतच नाही: कॅशिंग रिव्हर्स प्रॉक्सीचं समस्या निवारण

तालुक्याच्या गावी बाजारभावाची किंवा शेतकरी उत्पादक कंपनीची साइट चालवायची तर मांडणी बहुतेक अशीच असते. हिंगणघाट घ्या, अकोट घ्या, वरुड घ्या: ऑफिसात टेबलाखाली दोन जुने डेस्कटॉप, त्यांच्यावर अपाची (पानं देणारं सॉफ्टवेअर) आणि पीएचपी (पानं बनवणारी भाषा). हे मागचे सर्व्हर. त्यांच्यापुढे मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेली एक छोटी मशीन, तिच्यावर एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर. हीच कॅशिंग रिव्हर्स प्रॉक्सी. दोन्हींच्या मधे वायरगार्डची टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खाजगी वाट. लोकांचे मोबाइल फक्त त्या पुढच्या मशीनशी बोलतात. ती पान एकदा मागून घेते, साठवते (हा साठा म्हणजे कॅश), आणि पुढच्या शंभर जणांना साठवलेलंच देते. गावात लाईन गेली तरी पान दिसत राहावं, यासाठीच ती पुढे बसवलेली असते.

तिच्यात गडबड झाली की पहिला हात जातो तो कॅश रिकामी करण्याकडे. तो हात आवरा. कॅश पुसली की चूक कुठे होती याचा पुरावाही पुसला जातो. त्यात ती सकाळी ११ वाजता, हर्रास सुरू असताना पुसली, तर सगळे मोबाइल एकदम त्या दोन डेस्कटॉपवर येऊन पडतात आणि जुनं का होईना, जे पान दिसत होतं तेही जातं. मूळ कारण तसंच राहिलेलं असतं, म्हणून दोन दिवसांनी तोच फोन पुन्हा येतो.

आणि जुना भाव ही किरकोळ चूक नाही. १२ क्विंटल सोयाबीन छोट्या हत्तीत भरून, भाडं ठरवून निघणारा माणूस मोबाइलवरचा आकडा पाहून निघतो. क्विंटलमागे १०० रुपयांचा फरक पडला तर त्याचे १,२०० रुपये जातात. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी जे फुकटात आणि दोन मिनिटांत होतं ते, मग बाकीचं.

एक सूचना. कमांड, हेडर (पानासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना त्यांचं मूळ इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं. अंडरस्कोर आणि डॅश जिथे दाखवलेत तिथेच असतात.

लक्षणं

भाव बदलला, ऑफिसात नवा दिसतो, पण गावकऱ्यांच्या मोबाइलवर कालचाच. हे सगळ्यात जास्त वेळा येणारं लक्षण.

एकदा उघडलं तर नवा भाव, रिफ्रेश केलं तर जुना, पुन्हा नवा. असं दिसलं की दोन मागच्या सर्व्हरपैकी एक बिघडला आहे असं धरून चाला.

पान उघडायला मिनिटभर लागतं आणि मग जुनं पान येतं, किंवा ५०४ हा एरर येतो, म्हणजे मागून वेळेत उत्तर आलं नाही. हे लाईन गेल्यावर होतं.

५०२ येतं. प्रॉक्सी जिवंत आहे, मागून उत्तर मिळत नाही.

सगळं बरोबर दिसतं, पण मागचे सर्व्हर दिवसभर तापलेले आणि पान संथ. म्हणजे कॅश नावापुरती आहे, प्रत्येक मागणी थेट मागे जाते आहे.

लॉगिन केल्यावर दुसऱ्याच शेतकऱ्याचं नाव किंवा खातं दिसतं. हे लक्षण असेल तर बाकीचं काही वाचू नका, सरळ “दुसऱ्याचं पान दिसणं” या भागावर जा.

आधी मोबाइल तपासा

ज्याने तक्रार केली त्याला तेच पान गुप्त विंडोमध्ये, म्हणजे इनकॉग्निटोमध्ये उघडायला सांगा. मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवर. गुप्त विंडोत नवा भाव दिसला तर दोष ब्राउझरच्या साठ्यात आहे. प्रॉक्सीला हात लावायचं कारण नाही.

ब्राउझर इतका चिवट का होतो ते समजून घ्या, कारण इथे वेळ फार वाया जातो. सर्व्हरने पान किती वेळ ठेवायचं ते सांगितलंच नसेल तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो. शेवटचा बदल होऊन जितका काळ गेला त्याच्या साधारण १० टक्के काळ पान ताजं धरायचं, असा तो अंदाज. एचटीटीपी कॅशिंगचं मानक, जून २०२२ मध्ये आलेलं आरएफसी ९१११, यात हाच आकडा नेहमीचा म्हणून दिलेला आहे. आता हमीभावाचं पान घ्या. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जून २०२४ मध्ये टाकला आणि वर्षभर त्या फाइलला कोणी हात लावला नाही. मे २०२५ मध्ये एखाद्याने ते पान पाहिलं. फाइल सुमारे ३४० दिवस जुनी, म्हणून त्याचा ब्राउझर ते पान ३४ दिवस ताजं समजू शकतो. त्यानंतर २०२५-२६ चा ५,३२८ हा आकडा तुम्ही टाकला, प्रॉक्सीवरही तो पोचला, तरी त्या माणसाला जून संपत येईपर्यंत ४,८९२ च दिसू शकतात.

यावर उपाय मागच्या सर्व्हरवर आहे. भावाच्या पानांना कॅश-कंट्रोल हेडरमध्ये “मॅक्स-एज=०, एस-मॅक्सएज=६०” द्या. पहिला भाग ब्राउझरसाठी: दर वेळी विचारून घे. दुसरा मधल्या प्रॉक्सीसाठी: ६० सेकंद ठेव. एनजिनएक्सला दोन्ही कळतात आणि दोन्ही असले तर तो एस-मॅक्सएज धरतो. ज्यांच्या मोबाइलवर आधीच जुनं पान बसलंय त्यांना मात्र एकदा रिफ्रेश करायला सांगावंच लागतं.

पान कोणी दिलं?

गुप्त विंडोतही जुनंच दिसलं तर हेडर वाचायचे. लॅपटॉपवर कर्ल या पान मागवणाऱ्या कमांडला मोठ्या आयचा पर्याय देऊन पत्ता टाका, फक्त हेडर येतात. त्यात एक्स-कॅश-स्टेटस शोधा. तो नसेल तर एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, आत्ताच घाला: “ॲड_हेडर एक्स-कॅश-स्टेटस $अपस्ट्रीम_कॅश_स्टेटस ऑलवेज”. यासारखी फुकटची मदत दुसरी नाही. एक अडचण लक्षात ठेवा: एखाद्या लोकेशन ब्लॉकमध्ये (ठरावीक पत्त्यांसाठीच्या सेटिंगमध्ये) आधीच दुसरा ॲड_हेडर असेल तर वरच्या पातळीवर लिहिलेला तिथे लागू होत नाही. त्या ब्लॉकमध्ये तो पुन्हा लिहावा लागतो.

आता उत्तर वाचा. हिट म्हणजे पान साठ्यातून आलं आणि प्रॉक्सीच्या मते अजून ताजं आहे. मिस म्हणजे साठ्यात नव्हतं, मागून आणलं. एक्सपायर्ड म्हणजे होतं, पण मुदत संपली होती म्हणून मागून नवं आणलं. स्टेल म्हणजे मुदत संपलेली, पण मागचा सर्व्हर उत्तर देत नाही म्हणून जुनंच दिलं. अपडेटिंग म्हणजे नवं आणणं सुरू आहे, तोवर जुनं. बायपास म्हणजे कॅश टाळायला तुम्हीच सांगितलेलं आहे.

हिट असून पान जुनं: मुदत जास्त ठेवली आहे. स्टेल: कॅश बरोबर काम करते आहे, ऑफिसातली लाईन किंवा इंटरनेट बघा. मिस किंवा एक्सपायर्ड असून पान जुनं: प्रॉक्सी निर्दोष आहे, मागचाच सर्व्हर जुनं पान देतो आहे. निम्म्या तक्रारी इथेच सुटतात.

पान साठ्यात किती वेळापासून आहे हे कळायला व्हार्निश किंवा स्क्विड या दुसऱ्या प्रॉक्सी सॉफ्टवेअरमध्ये एज नावाचा हेडर मिळतो. एनजिनएक्स तो स्वतःहून घालत नाही, आणि डेट हेडरही स्वतःचाच लावतो, म्हणून त्यावरून काही समजत नाही. यासाठी मागच्या सर्व्हरवर पान बनवतानाच एक जादा हेडर लावा, त्यात पान बनल्याची वेळ आणि त्या मशीनचं नाव. तो हेडर पानासोबतच साठवला जातो. मग कुठल्या डेस्कटॉपने, किती वाजता बनवलेलं पान लोक बघताहेत ते एका ओळीत दिसतं.

मागच्या सर्व्हरला थेट विचारा

प्रॉक्सीच्या मशीनवर लॉगिन करून दोन्ही डेस्कटॉपना टनेलच्या पत्त्यावर, समजा १०.८.०.२ आणि १०.८.०.३, वेगवेगळं कर्ल करा. होस्ट हेडरमध्ये साइटचं नाव द्यायला विसरू नका, नाहीतर अपाची आपलं मूळ पान दाखवतो आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाता. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा. एकात नवा भाव आणि दुसऱ्यात जुना असेल तर दोघांमधलं डेटाबेसचं किंवा फाइलींचं सिंक तुटलं आहे. तात्पुरता उपाय म्हणजे अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये (मागच्या सर्व्हरांच्या यादीत) बिघडलेल्या सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी, अर्धविरामाआधी, “डाउन” लिहून रिलोड करणं. एका डेस्कटॉपवर साइट संथ चालेल, पण खरी चालेल.

रिलोडच्या आधी दर वेळी “एनजिनएक्स -टी” चालवायचं. एक अर्धविराम चुकला तरी ते सांगतं. रिस्टार्ट नको, रिलोड करा. रिलोडमध्ये कॉन्फिग चुकलं असलं तरी जुनं चालू राहतं. रिस्टार्टमध्ये सगळंच बंद पडतं.

लाईन, इन्व्हर्टर आणि बटण सेल

आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघाड इथून येतात. कॉन्फिगच्या आधी इथे बघायचं कारण हेच.

ऑफिसात कोणी असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा: राऊटरचा दिवा कसा आहे, डेस्कटॉपचा पंखा फिरतो का, आणि शेवटची लाईन कधी गेली होती.

लाईन जाऊन आल्यावर डेस्कटॉप बंदच राहत असेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते “पॉवर ऑन” करा. बऱ्याच मशीनवर ते मुळात “ऑफ” असतं. लाईन गेल्याबरोबर, इन्व्हर्टर असूनही, मशीन रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. अनेक इन्व्हर्टरवर साधा मोड आणि यूपीएस मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडमध्ये लाईनवरून बॅटरीवर जायला वेळ लागतो. पंखा आणि ट्यूबलाइटला ते चालतं, संगणकाला चालत नाही.

आता मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. जुन्या डेस्कटॉपमध्ये तो संपलेलाच असतो आणि त्यातून एकदम दोन बिघाड होतात. पहिला, मुख्य वीज गेली की बायोस मूळ सेटिंगवर जातो, म्हणून तुम्ही केलेलं “पॉवर ऑन” पुसलं जातं आणि मशीन पुन्हा बंद राहते. दुसरा, घड्याळ मागे जातं. पान किती वाजेपर्यंत ठेवायचं हे मागचा सर्व्हर एक्सपायर्स हेडरमध्ये तारीख-वेळ लिहून सांगत असेल, आणि त्याचं स्वतःचंच घड्याळ मागे असेल, तर ती वेळ प्रॉक्सीच्या दृष्टीने होऊन गेलेली असते. प्रॉक्सी असं पान साठवतच नाही. मग प्रत्येक मागणी मिस होते आणि डेस्कटॉप दमतो. दोनपैकी एकाचाच सेल गेला असेल तर कधी हिट आणि कधी मिस, असं विचित्र चित्र दिसतं.

उलटंही होतं. पुढच्या मशीनचं घड्याळ काही कारणाने पुढे गेलं, त्या वेळात पानं साठवली गेली, आणि मग घड्याळ बरोबर केलं, तर त्या पानांची मुदत पुढच्या वेळेनुसार लिहिलेली असते. घड्याळ दोन दिवस पुढे असेल तर ती पानं दोन दिवस ताजी समजली जातात.

तपासायला तिन्ही मशीनवर “डेट -यू” चालवा आणि सेकंदांपर्यंत जुळवा. क्रॉनी हे घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर “क्रॉनीसी ट्रॅकिंग” फरक दाखवतं. त्याच्या कॉन्फिगमध्ये “मेकस्टेप १.० ३” ही ओळ असू द्या. ती नसेल तर मोठा फरक क्रॉनी एकदम न काढता फार हळूहळू काढत बसतो. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. मशीन बंद करून, प्लग काढून बदला आणि बायोसमध्ये वेळ व पॉवर ऑन दोन्ही पुन्हा भरा. तोवर एक्सपायर्सऐवजी मॅक्स-एज वापरा, कारण ते सेकंदांत असतं आणि प्रॉक्सी ते स्वतःच्या घड्याळाने मोजते.

लाईन गेली तरी पान का दिसत नाही?

प्रॉक्सी बसवूनही लाईन जाताच साइट पडत असेल तर जवळजवळ नेहमीच पुढच्या तीनपैकी एक सेटिंग राहून गेलेलं असतं.

प्रॉक्सी_कॅश_यूज_स्टेल. हे न सांगितल्यास एनजिनएक्स मुदत संपलेलं पान देत नाही. त्याला “एरर टाइमआउट अपडेटिंग एचटीटीपी_५०० एचटीटीपी_५०२ एचटीटीपी_५०४” हे सगळे प्रसंग द्या.

इनॲक्टिव्ह. प्रॉक्सी_कॅश_पाथच्या ओळीत हे असतं आणि लिहिलं नाही तर १० मिनिटं धरलं जातं. ज्या पानाकडे १० मिनिटांत कोणी फिरकलं नाही ते, मुदत शिल्लक असो वा नसो, डिस्कवरून काढलं जातं. दिवसा हे लक्षात येत नाही, कारण पानं सारखी उघडली जातात. रात्री १२ वाजता कोण तुरीचा भाव बघतो? पान निघून जातं. पहाटे ३ ला वादळाने लाईन जाते, सकाळी ७ ला शेतकरी पान उघडतो आणि साठ्यात द्यायला काहीच नसतं. त्याला ५०४. इनॲक्टिव्ह ४८ तास ठेवा. यामुळे पान जुनं होत नाही, कारण ताजेपणाची मुदत वेगळी आणि साठ्यात राहण्याची मुदत वेगळी.

प्रॉक्सी_कनेक्ट_टाइमआउट. न सांगितल्यास ६० सेकंद. मशीन चालू पण अपाची बंद असेल तर “नाही” असं उत्तर लगेच येतं. लाईनच गेली असेल तर पलीकडून हूं की चूं नाही, आणि प्रॉक्सी पूर्ण ६० सेकंद वाट बघते. मग दुसऱ्या डेस्कटॉपसाठी आणखी ६०. जुनं पान हाताशी असूनही माणूस दोन मिनिटं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो आणि कंटाळून निघून जातो. ते ३ सेकंद करा. सोबत “प्रॉक्सी_कॅश_बॅकग्राउंड_अपडेट ऑन” ठेवलं तर माणसाला जुनं पान लगेच मिळतं आणि नवं आणणं मागे चालू राहतं.

यूज_स्टेलला वेळेची मर्यादा नसते. लोक पान बघत राहिले तर ते निघतही नाही, आणि दोन दिवस लाईन नसेल तर दोन दिवसांपूर्वीचा भाव आजचा म्हणून दिसत राहतो. म्हणून प्रत्येक भावाच्या शेजारी तारीख आणि वेळ छापलीच पाहिजे, मोठ्या अक्षरात. सेटिंगमध्ये इतर काही कमी-जास्त चालेल, यात नाही.

एरर लॉग काय सांगतो

फाइल /व्हार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग. शेवटच्या ५० ओळी पुरतात.

“१११: कनेक्शन रिफ्यूज्ड”: मशीन चालू आहे, अपाची बंद आहे. अपाची सुरू करा.

“११०: कनेक्शन टाइम्ड आउट” दिसलं तर पुढचे शब्द वाचा. “व्हाइल कनेक्टिंग” असेल तर वाट तुटली: लाईन, राऊटर किंवा टनेल. “व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर” असेल तर वाट ठीक आहे, पलीकडचं पीएचपी किंवा डेटाबेस दमला आहे. दोन्हींचा परिणाम ५०४ च दिसतो, पण एकासाठी वायरमन लागतो आणि दुसऱ्यासाठी प्रोग्रामर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पत्र्याच्या खोलीतला डेस्कटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हाही ही दुसरी ओळ दिसते. कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या पंख्यावरची सरकीची धूळ आधी साफ करा. जिनिंगजवळच्या ऑफिसात ती महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा साचते.

“नो लाइव्ह अपस्ट्रीम्स”: दोन्ही सर्व्हर एकेकदा चुकले आणि प्रॉक्सीने दोघांनाही बाजूला ठेवलं. न सांगितल्यास एक चूक झाली की १० सेकंद बाहेर, असा नियम असतो. टनेल अधूनमधून हलते अशा ठिकाणी “मॅक्स_फेल्स=३” बरं पडतं.

“२८: नो स्पेस लेफ्ट”: डिस्क भरली, पानं अर्धवट तुटतात. “डीएफ -एच” बघा आणि “डीएफ -आय” सुद्धा, कारण बारीक फाइली लाखोंनी झाल्या की जागा शिल्लक असून आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपतात. कॅशला मॅक्स_साइझ दिलेला नसेल तर द्या. लॉग फुगला असेल तर तो डिलीट करू नका. एनजिनएक्सने फाइल धरून ठेवलेली असते, म्हणून जागा सुटत नाही. “ट्रंकेट”ने शून्य करा.

सगळं मिस, कधीच हिट नाही

पीएचपीच्या साइटवर हेडर बघितले आणि एक्सपायर्समध्ये १९ नोव्हेंबर १९८१, ०८:५२ ही तारीख दिसली, तर शोध तिथेच संपला. पीएचपीत सेशन (लॉगिनची ओळख धरून ठेवणारी सोय) सुरू केलं की तो स्वतःहून ही जुनी तारीख आणि “नो-स्टोअर, नो-कॅश” लावतो. कोणीतरी भावाच्या उघड्या पानावरही सेशन सुरू केलं आहे. सोबत सेट-कुकी हेडरही असतो, आणि सेट-कुकी असलेलं उत्तर एनजिनएक्स साठवत नाही. ज्या पानाला लॉगिन लागत नाही तिथून सेशनची ओळ काढायला प्रोग्रामरला सांगा. प्रॉक्सीवर हे हेडर दुर्लक्षित करायला सांगणारं सेटिंग आहे, पण ते वापरायचं नाही. का, ते पुढे येतं.

दुसरं कारण पत्त्याच्या शेपटीचं. फेसबुकवरून आलेल्या लिंकला प्रत्येकासाठी वेगळी एफबीसीएलआयडीची शेपटी लागते, आणि कॅशची किल्ली न बदलल्यास पूर्ण पत्त्यावरून बनते. म्हणजे एकच पान हजार वेगवेगळ्या नावांनी साठवलं जातं. किल्लीत फक्त पत्ता आणि कामाचे घटक ठेवा, उदाहरणार्थ माल आणि तारीख. घाईत सगळीच शेपटी कापली तर कापसाच्या पानावर तुरीचा भाव दिसेल. बदल केल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या मालांची पानं उघडून खात्री करा.

हर्राशीच्या वेळी साठ्यात नसलेल्या एकाच पानासाठी एकाच क्षणी अनेक मागण्या मागे जात असतील तर “प्रॉक्सी_कॅश_लॉक ऑन” करा. एकच मागणी मागे जाते, बाकीच्या तिच्यासाठी थांबतात.

एकाच पानाची कॅश काढायची असेल तर सगळी रिकामी करू नका. पर्जची सोय एनजिनएक्सच्या विकतच्या आवृत्तीत आहे, पण फुकटच्या आवृत्तीतही हाताने जमतं. प्रत्येक साठवलेल्या फाइलीत सुरुवातीला “की:” अशी ओळ असते. ग्रेपने त्या पत्त्याची फाइल शोधा आणि तेवढीच उडवा.

छोटी पानं येतात, मोठी अडकतात

हा टनेलचा आजार. मुखपृष्ठ उघडतं, मोठं कोष्टक असलेलं पान लटकतं. वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, साधारण १४२० असतो, आणि वाटेतला एखादा ४जी किंवा फायबरचा दुवा तेवढं मोठं पाकीट जाऊ देत नाही. प्रॉक्सीवरून डेस्कटॉपला “पिंग -एम डू -एस १३९२” करा. उत्तर नाही, पण १२५२ ला येत असेल, तर दोन्ही टोकांना एमटीयू १२८० करा. ऑफिसचं कनेक्शन सार्वजनिक पत्ता देत नसेल तर डेस्कटॉपच्या बाजूला “पर्सिस्टंटकीपअलाइव्ह = २५” हवंच. ते नसेल तर थोडा वेळ शांतता झाली की बाहेरून आत यायची वाट बंद होते.

दुसऱ्याचं पान दिसणं

एखाद्या शेतकऱ्याला लॉगिन केल्यावर दुसऱ्याचं नाव, सातबारा, बँक खातं दिसलं तर ती माहितीची गळती आहे. हे बहुतेक वेळा असं घडतं: कॅश लागत नव्हती म्हणून कोणीतरी “प्रॉक्सी_इग्नोर_हेडर्स”मध्ये सेट-कुकी आणि कॅश-कंट्रोल लिहून टाकलं. मग पहिल्या माणसाचं पान, त्याच्या सेशनच्या कुकीसकट, साठवलं गेलं. पुढच्या प्रत्येकाला तीच कुकी मिळाली, म्हणजे प्रत्येक जण त्या पहिल्या माणसाच्या नावाने आत शिरला.

इथे, आणि फक्त इथे, कॅश आधी बंद करायची. सगळ्यांसाठी “प्रॉक्सी_कॅश ऑफ”, रिलोड, मग कॅशचं फोल्डर रिकामं, मग मागच्या सर्व्हरवरची सगळी सेशन रद्द. ही तिसरी पायरी लोक विसरतात. ती राहिली तर चुकून मिळालेली कुकी चालतच राहते. ॲक्सेस लॉगची प्रत काढून बाजूला ठेवा, कोणाचं काय उघडं पडलं ते त्यातूनच कळेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, म्हणून संचालकांना त्याच वेळी सांगा. पुढचं काम जाणकाराचं. स्वतः दुरुस्त करून पुन्हा कॅश सुरू करू नका.

कुठे थांबायचं

वरचं सगळं पाहूनही पुढीलपैकी काही दिसत असेल तर स्वतः खटपट करत बसू नका.

दोन्ही डेस्कटॉपचे डेटाबेस वेगवेगळे झाले असतील आणि कोणता खरा हे सांगता येत नसेल, तर दोन्हींवर लिहिणं बंद करा आणि डेटाबेस जाणणाऱ्याला बोलवा. चुकीच्या दिशेने सिंक केलं तर शेतकऱ्यांच्या नोंदी कायमच्या जातात.

डेस्कटॉपच्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा कर्नलच्या लॉगमध्ये आय/ओ एरर येत असतील, तर मशीन पुन्हा पुन्हा चालू करू नका. जळाल्याचा वास आला किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. अर्थिंग नसलेली ऑफिसं कमी नाहीत.

“२४: टू मेनी ओपन फाइल्स” किंवा “९९: कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस” असे एरर सारखे येत असतील, तर मर्यादा फाइलींची, पोर्टची आणि कर्नलची असते. इंटरनेटवरून उचललेले आकडे टाकून ती वाढवू नका, सिस्टीम सांभाळणाऱ्याला दाखवा.

प्रॉक्सीच्या मशीनवर लॉगिनच होत नसेल, किंवा तुम्ही न घातलेल्या ओळी कॉन्फिगमध्ये दिसत असतील, तर होस्टिंगवाल्याला फोन करा आणि काहीही पुसू नका.

ज्याला बोलवाल त्याच्या हातात एवढं तयार द्या: बिघाडाची नेमकी वेळ, पानाचा पत्ता, कर्लने आलेले सगळे हेडर, दोन्ही डेस्कटॉपची थेट उत्तरं, एरर लॉगच्या शेवटच्या २०० ओळी, तिन्ही मशीनची घड्याळं, आणि मोठ्या टीने केलेला “एनजिनएक्स -टी”चा निकाल, ज्यात पूर्ण कॉन्फिग एकत्र येतं. पाठवण्याआधी त्यातले पासवर्ड काढा.